हप्त्यासाठी मुलाची शिकवणी बंद करू नका

बेळगावजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमान उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करतात, पगार हातात ३८ हजार. ताई घरी ब्लाऊज शिवतात, त्यातून महिन्याला सहा-सात हजार सुटतात. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. पहिलीला गावातल्या सरकारी मराठी शाळेत होता. वाचनात मागे पडतो म्हणून दुसरीला बेळगावच्या इंग्रजी शाळेत घातला. पाढे तोंडपाठ, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, पण चार ओळी वाचायला दहा मिनिटं लागतात. मानसतज्ज्ञांनी डिस्लेक्सियाची लक्षणं आहेत असं सांगून पूर्ण तपासणी आणि विशेष शिक्षिकेकडे शिकवणी सुचवली. मुलाच्या पाचव्या वर्षी त्याच्या नावावर वीस वर्षांची पॉलिसी काढली आहे, वर्षाला ६० हजार हप्ता. आता तेच ओळखीचे एजंट म्हणतात, अशा मुलाच्या भविष्यासाठी आणखी एक ३६ हजारांची घ्या, टॅक्सही वाचेल. ताईंचा प्रश्न एवढाच आहे: दुसरी पॉलिसी घ्यावी का?

घेऊ नका. टॅक्सचं म्हणाल, तर वर्षाला साडेचार-पाच लाखांच्या पगारावर तुमच्या यजमानांना आजच्या नियमांनी टॅक्सच बसत नाही. जो भरायचाच नाही तो वाचवायचा कसा?

पण ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेला आहात: "शिक्षिकेकडे चार महिने पाठवलं, फरकही वाटत होता, पण जानेवारीचा हप्ता जमवायचा म्हणून सध्या बंद केलंय." मला तुमच्याशी बोलायचंय ते याबद्दल.

शिकवणीचे महिन्याला साडेचार हजार, म्हणजे वर्षाला ५४ हजार. पॉलिसीचा हप्ता ६० हजार. मुलाला आज वाचायला शिकवणारे पैसे काढून तुम्ही तो पंचवीस वर्षांचा झाल्यावर मिळणाऱ्या रकमेत घातलेत. एजंटनी 'कॉलेजला उपयोगी पडेल' म्हणून ती विकली. पंचविसाव्या वर्षी कॉलेज संपलेलं असतं. आणि आज वाचनाचा पाया कच्चा राहिला तर त्या कॉलेजपर्यंत पोचणंच अवघड होईल. डिस्लेक्सिया बुद्धीचा दोष नाही. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालायला त्या मुलाला वेगळ्या पद्धतीचा, रोजच्या रोज सराव लागतो. तो सराव सातव्या-आठव्या वर्षी जितका लागू पडतो तितका चौदाव्या वर्षी पडत नाही. भात लावणीच्या वेळीच लावावा लागतो.

आता पॉलिसीचा हिशेब. पंधरा वर्षं ६० हजार म्हणजे नऊ लाख भरायचे, आणि विसाव्या वर्षी 'अंदाजे सोळा लाख' मिळायचे. ऐकायला दुप्पट वाटतं. व्याज काढलं तर साडेचार टक्क्यांच्या आसपास येतं. पोस्टातला पीपीएफ आज ७.१ टक्के देतो. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या फोटोत आणखी एक गोष्ट दिसली, तिचा मला मनापासून राग आला. विमा मुलाच्या जिवावर आहे आणि हप्ता माफीचं कलम घेतलेलंच नाही. म्हणजे उद्या यजमानांना काही झालं, तर शिलाईच्या सात हजारांतून वर्षाला ६० हजार तुम्ही भरायचे. कमावता माणूस उघडा ठेवून पाच वर्षांच्या पोराचा विमा विकणाऱ्याला त्याच मुलाची काळजी वाटते, हे मला पटत नाही.

तीन हप्ते, म्हणजे १ लाख ८० हजार गेले आहेत. विमा कंपनीच्या शाखेत जाऊन सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर हातात येणारी रक्कम, लेखी मागा, तोंडी आकडा घेऊ नका. तुमच्या काळातल्या पॉलिसीला तिसऱ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या निदान ३५ टक्के मिळायला हवेत, म्हणजे ६३ हजार. पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी न मोडता ठेवली तर आठ लाखांच्या विम्याचा पाचवा हिस्सा, १ लाख ६० हजार आणि थोडा बोनस, तोही सतरा वर्षांनी. तेच ६३ हजार सात टक्क्यांनी सतरा वर्षांत दोन लाखांच्या जवळ जातात. फरक फार मोठा नाही. पण पैशांची गरज आज आहे, म्हणून मी सरेंडर करा म्हणेन. १ लाख १७ हजारांचं नुकसान दिसेल आणि ते झोंबेल. उरलेले बारा हप्ते, ७ लाख २० हजार, वाचतात ते त्याच्या शेजारी लिहून बघा.

यजमानांच्या नावे ५० लाखांचा साधा टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा विमा. निर्व्यसनी, पस्तिशीतला माणूस असेल तर महिन्याला हजाराच्या आसपास पडेल. नॉमिनी तुम्ही व्हा, मुलाला करू नका.

शाळेकडे वळते, कारण तिथेही पैसे चुकीच्या वाटेने जात आहेत. फी ४२ हजार आणि व्हॅन १५ हजार, मिळून ५७ हजार. अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला घरी बोलली न जाणारी भाषा वाचायला देऊन वाचन सुधारेल ही आशा चुकीची होती. बेळगाव भागातल्या मुलाला तशाही तीन लिप्या शिकाव्या लागतात: देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी. मराठीत जोडाक्षराचं पहिलं अक्षर अर्धं होऊन पुढच्याला चिकटतं, कन्नडमध्ये दुसरं अक्षर खाली ओत्तक्षर होऊन बसतं, इंग्रजीत मात्रा-वेलांटीच नाही. साध्या मुलाची यात दमछाक होते. डिस्लेक्सिया असलेल्याला आधी एक लिपी पक्की करून द्यावी लागते, आणि तुमच्या मुलासाठी ती मराठी आहे. समग्र शिक्षण योजनेत तालुक्याच्या बीआरसीत (गट साधन केंद्रात) विशेष शिक्षक असतात, त्यांना बीआयईआरटी म्हणतात. त्यांचं काम मुख्यतः सरकारी शाळांत असतं. जूनच्या आधी गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि ते शिक्षक शाळेत किती वेळा येतात ते विचारा. उत्तर समाधानाचं असेल तर मुलाला परत आणा. नसेल तरी शिकवणी चालू ठेवून परत आणण्याकडेच माझा कल आहे.

इंग्रजी शाळा त्याला तिसरीत आणखी एक वर्ष बसवायचं म्हणते, त्याला मान्यता देऊ नका. शिक्षण हक्क कायद्यात तिसरीत मागे ठेवता येत नाही. अल्पसंख्याक संस्थेची शाळा असेल तर हा कायदा तिला लागू होत नाही, पण तेव्हाही माझं मत बदलणार नाही. ज्या पद्धतीने तो शिकला नाही, तीच पद्धत पुन्हा वर्षभर, आणि त्यासाठी आणखी ५७ हजार!

आता दिव्यांग दाखल्याचं. 'कागद केला तर पोराच्या कपाळी शिक्का बसेल' असं घरात म्हणतात, हे तुम्ही लिहिलंत. भीती मी समजू शकते. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. त्याच कायद्यात परीक्षेला जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. तीन भाषांच्या ओझ्याखालच्या सीमाभागातल्या मुलाला यापेक्षा मोलाचं काय मिळणार? अर्ज यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात. आठव्या वर्षापासून हा दाखला मिळतो आणि चौदाव्या, अठराव्या वर्षी पुन्हा तपासतात. तुमचा मुलगा नेमका त्या वयात आला आहे. एजंटनी 'निरामय' या सरकारी आरोग्य विमा योजनेचं नाव घेतलं, ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. फक्त डिस्लेक्सियाला ती मिळत नाही.

सहकारी सोसायटीत साडेनऊ टक्क्यांनी ठेवलेले तुमचे दोन लाख मुदत संपली की राष्ट्रीयीकृत बँकेत न्या. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांना ते नाही, आणि अडीअडचणीला तुमच्याकडे दुसरं काहीच नाही.

जानेवारीचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, असं तुम्ही लिहिलंय. सरेंडरचा अर्ज दिला तरी बँकेत वेगळा अर्ज देऊन ते बंद करावं लागतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्या आणि पोच घ्या. शिक्षिकेला मात्र आजच फोन करा. तिची फी भरायला सरेंडरचे पैसे येईपर्यंत थांबू नका, हप्त्यासाठी बाजूला काढलेल्या रकमेतूनच भरा.