बारावीनंतर भाषाविज्ञान शिकायचे असल्यास पदवीच्या वर्षांची आखणी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही मिरजेजवळ राहता, यंदा शास्त्र शाखेतून बारावीला आहात, गणित आवडते, भाषा कशा घडतात याचे कुतूहल आहे, पण जवळपास भाषाविज्ञान हा मुख्य विषय ठेवून बी.ए. करता येईल असे महाविद्यालय सापडत नाही आणि घरचे लोक पुढच्या नोकरीविषयी विचारत आहेत. मी संस्कृत घेऊन बी.ए. आणि त्यानंतर भाषाविज्ञानात एम.ए. केले. आता बोललेल्या मराठीचे लेखी मजकुरात रूपांतर करणाऱ्या संगणकप्रणालींसाठी भाषिक सामग्री तयार करणे, हे माझे काम आहे. त्यामुळे पुढील मते या वाटेने गेलेल्या माणसाची आहेत, हे लक्षात ठेवून वाचावीत.

आधी हा विषय नेमका काय आहे याची खात्री करून घ्या, कारण भाषांची आवड आणि भाषाविज्ञानाची आवड या दोन गोष्टी पुष्कळदा वेगळ्या निघतात. ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद पोळीप्रमाणे चालते, रामाप्रमाणे नाही, हे आपण शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो. आता ‘तू पोळी खाल्लीस’ हे वाक्य पाहा. त्यातील ‘ली’ पोळीच्या लिंगवचनाशी जुळते आणि शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’शी जुळतो, म्हणजे एकच क्रियापद कर्म आणि कर्ता या दोघांचीही खूण एकाच वेळी बाळगून आहे. शिवाय ‘रामाने’ला जो ‘ने’ लागला तो ‘तू’ला आणि ‘मी’ला लागत नाही. असे का व्हावे, हिंदीत ‘मैंने’, ‘तूने’ असताना मराठीतच पहिला आणि दुसरा पुरुष का सुटला, आणि तुमच्या गावच्या बोलीतही असेच घडते का, हे प्रश्न वाचून तुम्हाला कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटली, तर तुम्ही योग्य विषयाच्या दारात आहात. कविता, कादंबरी आणि शब्दांचे सौंदर्य यांत मन अधिक रमत असेल, तर साहित्याची पदवी घ्यावी. तो काही कमी दर्जाचा मार्ग नाही, फक्त वेगळा आहे.

तुम्ही अजून बारावीत आहात याचा एक फायदा आहे. शाळा-कनिष्ठ महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी पाणिनी लिंग्विस्टिक्स ऑलिंपियाड ही राष्ट्रीय स्पर्धा होते आणि तिच्यातून आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी भारतीय संघ निवडला जातो. ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३ मध्ये बल्गेरियात सुरू झाली आणि २०१६ मध्ये ती म्हैसूरला भरली होती. अनोळखी भाषेतील काही वाक्ये व त्यांचे अर्थ देऊन नियम शोधायला लावणारी तिची जुनी कोडी महाजालावर मोफत मिळतात. स्पर्धेत उतरला नाहीत तरी ती सोडवून पाहा, कारण एम.ए.च्या पहिल्या वर्षी वर्गात जे काम करावे लागते त्याचा स्वाद एवढ्या स्वस्तात दुसरीकडे कोठेही मिळत नाही.

आता पदवीकडे वळतो. भाषाविज्ञान पदवीपासूनच शिकवणाऱ्या संस्था देशात आहेत, पण थोड्या. हैदराबाद विद्यापीठात बारावीनंतर भाषाविज्ञानाचा पाच वर्षांचा एकात्मिक एम.ए. अभ्यासक्रम आहे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात भाषाविज्ञानाची बी.ए. ऑनर्स पदवी आहे, आणि बनारस हिंदू विद्यापीठात बी.ए.ला हा विषय घेता येतो. तुम्हाला गणित आवडते म्हणून चौथे नाव मुद्दाम घेतो, ते हैदराबादच्याच आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेचे. तेथे संगणकशास्त्रातील बी.टेक. आणि संगणकीय भाषाविज्ञानातील संशोधनाधारित एम.एस. अशी जोडपदवी आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते, प्रवेश स्पर्धात्मक आहे आणि शुल्क सरकारी विद्यापीठाच्या मानाने पुष्कळच जास्त आहे. घरची ऐपत आणि तुमची तयारी या दोन्हींचा मेळ बसत असेल, तर तुमच्यासारख्या विद्यार्थ्यासाठी मी हाच पर्याय पहिला मानेन. तो न जमल्यास हैदराबाद विद्यापीठ. त्यासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा द्यावी लागते, म्हणून अर्जाच्या तारखा बारावीच्या अभ्यासाच्या धांदलीत निसटू देऊ नका.

हे दोन्ही न जमल्यास तिसऱ्या-चौथ्या नावासाठी देश पालथा घालण्यापेक्षा महाराष्ट्रातच राहून पदवी घ्यावी आणि एम.ए.ला भाषाविज्ञानाकडे यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण असे की आपल्याकडे पदव्युत्तर शिक्षणाची सोय चांगली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची मुळे १८२१ पर्यंत जातात, १९३९ पासून ती पदव्युत्तर व संशोधन संस्था आहे, आणि १९२८ मध्ये लाहोरला स्थापन झालेल्या लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाचे कार्यालयही आज तेथेच आहे. नामवंत भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांनी अनेक वर्षे तेथे अध्यापन केले. मुंबई विद्यापीठाचा भाषाविज्ञान विभाग कालिन्याला आहे. डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या एम.ए.साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, आणि वर्गात संस्कृत, इंग्रजी, मानसशास्त्र, अभियांत्रिकी अशा नाना वाटांनी आलेली मंडळी एकत्र बसतात. यात तोटा नाही. उलट प्रत्येकाच्या हाताशी आधीच्या विषयाचे काही ना काही हत्यार असते.

मग पदवीला मुख्य विषय कोणता घ्यावा? येथे माझा कल सांगतो. मराठी किंवा इंग्रजी घेतल्यास भाषाविज्ञानाची एखाद-दुसरी अभ्यासपत्रिका मिळते, उरलेला सारा अभ्यास साहित्याचा असतो. संस्कृत घेतल्यास व्याकरणाची शिस्त मिळते. सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेची रचना बांधणारा पाणिनी आणि त्या व्याकरणाची सोपी ओळख करून देणारी वरदराजाची ‘लघुसिद्धांतकौमुदी’ यांच्याशी ओळख झालेल्या विद्यार्थ्याला नियमांचा क्रम आणि अपवाद म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मला त्याचा आजही उपयोग होतो. तरीही तुमची गणिताची आवड पाहता मी तुम्हाला संख्याशास्त्र किंवा गणित मुख्य विषय म्हणून आणि शक्य तेथे संस्कृत किंवा दुसरी एखादी भाषा गौण विषय म्हणून घ्यायला सांगेन, कारण व्याकरण नंतर शिकता येते, पण चांगल्या वयात सोडलेले गणित पुन्हा हाती धरणारे मी फार थोडे पाहिले आहेत. बोलींच्या सर्वेक्षणापासून ध्वनिमुद्रित बोलण्याच्या सामग्रीच्या चाचणीपर्यंत आज सगळीकडे आकडे आहेत आणि ते हाताळता न येणारा भाषावैज्ञानिक दुसऱ्याच्या निष्कर्षांवर अवलंबून राहतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवीत मुख्य व गौण विषयांखेरीज खुले वैकल्पिक विषय, क्षेत्रप्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांनाही श्रेयांक (क्रेडिट) असतात. बहुतेक विद्यार्थी हे श्रेयांक जे सोपे असेल ते घेऊन उरकतात. तुम्ही तसे करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयम् या शासकीय ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांतून घेता येतात, अर्थात तुमच्या महाविद्यालयाने ते मान्य केले पाहिजेत. आयआयटीच्या प्राध्यापकांनी शिकवलेले भाषाविज्ञानाचे प्राथमिक अभ्यासक्रम याच मंचावर आहेत. क्षेत्रप्रकल्प तर या विषयासाठीच निर्माण झाला आहे असे समजा.

आणि क्षेत्राच्या बाबतीत तुम्ही फार नशीबवान आहात. तुमच्या शेजारचे कुपवाड जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवले जाते. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात दाखवले की तेथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदणाऱ्या मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषांनी आपापले शब्द राखले, पण वाक्यांची घडण जवळजवळ एकच करून टाकली. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे तेथील उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’ असे होते, आणि कन्नडमध्येही तेवढेच तुकडे त्याच क्रमाने येतात. प्रमाण कन्नडमध्ये ‘हे तुमचे घर’ अशा वाक्याला क्रियापद लागत नाही, कुपवाडच्या कन्नडमध्ये मात्र मराठीसारखे ‘आहे’च्या अर्थाचे क्रियापद येते. त्या लेखाला आता अर्धशतक उलटून गेले आहे. कुपवाड औद्योगिक वसाहतीचे आणि महानगरपालिकेचे झाले आहे. आज तेथील तरुण मुले घरी, कारखान्यात आणि भ्रमणध्वनीवर कोणती वाक्ये बोलतात, याची नीट नोंद करणारा बी.ए.चा विद्यार्थी एम.ए.च्या मुलाखतीला कसा जाईल याची कल्पना करा. म्हणून पहिल्या वर्षापासून कन्नड शिकायला लागा, आणि ती लिहायला-वाचायला येईल इतकी शिका. स्वतःच्या भाषाकुलाबाहेरची एक भाषा आतून माहीत असल्याखेरीज मराठीत काय विशेष आहे हे दिसतच नाही.

पहिल्या वर्षात आणखी एकच कौशल्य पक्के करा: आंतरराष्ट्रीय स्वनलिपीत, म्हणजे प्रत्येक उच्चाराला वेगळे चिन्ह असलेल्या लिपीत, ऐकलेले उतरवणे. देवनागरी उच्चारानुसार आहे असे आपण समजतो, पण पृथ्वी या अर्थाचा ‘जग’ आणि पाण्याचा ‘जग’ यांतले वेगळे ‘ज’ ती एकाच अक्षराने लिहिते. प्रात् नावाची मोफत संगणकप्रणाली ॲम्स्टरडॅममध्ये तयार झाली आहे. तीत स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून हे दोन ‘ज’ पडद्यावर शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्या वर्षात पायथन किंवा आर यांपैकी एका संगणकभाषेत शब्दसूची मोजणे, लावणे, तपासणे जमले पाहिजे. वाक्यविचाराचे, म्हणजे वाक्यरचनेचे, आधुनिक सिद्धांत मात्र एकट्याने वाचायची घाई करू नका. ते शिक्षकासमोर आणि वर्गातल्या वादातच नीट कळतात. त्याऐवजी डेक्कन कॉलेजने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे संकेतस्थळ ऐकत बसा, कारण गावोगावच्या लोकांची ध्वनिमुद्रणे तेथे खुली ठेवली आहेत.

एका निर्णयाविषयी सावध करतो. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडावे की चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स घ्यावे, असा पर्याय तुमच्यापुढे येईल, आणि चौथ्या वर्षानंतर एम.ए. एका वर्षाचे होते म्हणून अनेक जण चौथ्या वर्षासाठी थांबायला सांगतील. भाषाविज्ञान शिकवणारा विभाग नसलेल्या महाविद्यालयात चौथे वर्ष घालवणे मला तुमच्या बाबतीत योग्य वाटत नाही. एका वर्षाचे एम.ए. हे तोच विषय मुख्य म्हणून शिकलेल्यांसाठी असते, आणि तुम्हाला तर स्वनविज्ञान, रूपविचार, वाक्यविचार, अर्थविचार हे सगळे पायापासून शिकायचे आहे. तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांचे एम.ए. करावे.

परदेशातील पदवीविषयी तुम्ही ओझरते विचारले आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांचे शिक्षणशुल्क नगण्य असले तरी पदवीचे शिक्षण बहुधा जर्मन भाषेत असते आणि केवळ आपल्या बारावीच्या जोरावर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. ब्रिटन-अमेरिकेचा खर्च शिष्यवृत्तीवाचून सामान्य घराला झेपणारा नाही. पैसा आणि धडपड पदव्युत्तर किंवा पीएच.डी.च्या टप्प्यासाठी राखून ठेवा, तेव्हा निधी मिळण्याची शक्यताही अधिक असते.

राहिला घरच्यांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. केवळ प्राध्यापकीवर भिस्त ठेवू नका. प्राध्यापकपदासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे, पण विभाग मोजके आणि जागा त्याहून मोजक्या. पुण्याच्या सी-डॅकसारख्या संगणकसंशोधन संस्था, २०२२ मध्ये सुरू झालेला केंद्र सरकारचा भाषिणी हा यंत्रानुवादाचा उपक्रम, आयआयटी मद्रासमधील एआयफॉरभारत हा संशोधनगट आणि खासगी कंपन्या यांना भारतीय भाषांची सामग्री तपासणारी माणसे लागतात, मात्र यातील बरेच काम कंत्राटी असते हेही घरी सांगा. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानात प्रकल्पांवर भरती होते. आरोग्याशी जोडलेले काम हवे असेल, तर वाचादोष व श्रवणदोष यांवरील उपचाराची बीएएसएलपी ही चार वर्षांची वेगळी व्यावसायिक पदवी आहे. ती मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्थेत मिळते, तिला बारावी शास्त्र शाखेचीच लागते आणि ती घेतलेल्याला भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी करून व्यवसाय करता येतो. नंतर बी.ए.च्या जोरावर या वाटेवर वळता येत नाही, त्यामुळे तिचा विचार आताच, अर्ज भरण्यापूर्वी करावा लागेल.

सांगली-मिरजेच्या महाविद्यालयांत चौकशीला जाल तेव्हा तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: संख्याशास्त्र मुख्य असताना भाषा हा विषय गौण म्हणून मिळतो का, स्वयम्‌वरील श्रेयांक ते प्रत्यक्षात नोंदवतात का, आणि क्षेत्रप्रकल्पाचा विषय विद्यार्थ्याला निवडता येतो का. तिसऱ्या प्रश्नाला जेथे होकार मिळेल ते महाविद्यालय, त्याचे नाव फारसे मोठे नसले तरी, मी पसंत करेन.