घासू नका, आधी भिंग घ्या

प्रश्न : वडिलांच्या मागे कपाटात नाण्यांचा डबा सापडला. त्यात राणीछाप १८६२ चा रुपया आहे, कडेने निळा-जांभळा झालेला. एक जाडसर चांदीचा रुपया आहे. आजोबा त्याला भोसल्यांचा म्हणत. त्यावरची फारसी अक्षरं अर्धी कापलेली आहेत. तिसरा स्टीलचा रुपया, दोन्ही बाजूंना सिंहच! एका विक्रेत्याने तिन्हींना ‘एरर कॉईन’, म्हणजे पाडताना चुकलेली नाणी, म्हटलं. आई म्हणते, चिंच लावून उजळून काढू. काय करावं? — एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आईंना आधी थांबवा. चिंच, टूथपेस्ट, सोडा, काहीही लावू नका. राणीछापावरचा तो रंग मळ नाही. हवेतल्या, कागदातल्या गंधकामुळे चांदीवर अतिशय पातळ थर चढतो. थर जाड होत जातो तसा तो आधी पिवळसर, मग तांबूस, मग निळा दिसतो आणि शेवटी काळा पडतो. रंग कडेकडून आत हळूहळू फिका होत गेला असेल, तर तो बहुधा काळानेच चढवलेला. जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात. एकदम सुरू होऊन एकदम संपणारा, ओरखड्यांतही भडक उतरलेला रंग मात्र संशयाचा. एकदा घासलं की तो थर गेला, शिवाय पृष्ठभागावर बारीक रेघा पडतात त्या कायमच्या.

आता भिंगाने सनाखाली बारीक टिंबं शोधा. १८६२ हाच सन ठेवून पुढे दहा-बारा वर्षं रुपये पाडले गेले आणि टिंबांची संख्या बदलत गेली. ही चूक नव्हे, साच्याचे प्रकार आहेत. मला तर चुकीच्या नाण्यांपेक्षा हे प्रकार जुळवण्यातच जास्त गोडी वाटते. इतवारीत सराफाच्या काट्यावर वजनही करून घ्या : मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. झिजेने थोडं कमी भरेल.

भोसल्यांच्या रुपयाला एरर म्हणणं मला अजिबात पटत नाही. ही नाणी हातोड्याने पाडत. साचा धातूच्या कोऱ्या चकतीहून मोठा, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच येई.

खरी उत्सुकता आहे ती स्टीलच्या रुपयाची. एका बाजूचा सिंह खोलगट आणि उलटा, आरशातल्यासारखा आहे का? असेल तर आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा उमटला. बाजारात याला ‘लखी’ म्हणतात. ही टांकसाळीतलीच चूक. दोन्ही सिंह उठावाचे आणि सुलट असतील, तर बहुतेक वेळा दोन नाणी कापून जोडलेली असतात. कडेच्या आतल्या बाजूला सांधा दिसतो, टिचकी मारली की आवाज बद्द येतो.

तिन्ही नाणी कडेनेच धरा. मऊ पीव्हीसीच्या अल्बममध्ये भरू नका, हिरवा चिकट थर धरतो. आणि उन्हाळ्यात कूलर चालतो त्या खोलीत डबा ठेवू नका, तिथली हवा सतत दमट असते.