गावात रात्री उघड्यावर भुताचं नाटक करायचंय, लोक हसू नयेत म्हणून काय करावं?

तुम्ही विचारलंय, नवरात्रात गावच्या पटांगणात भुताचं नाटक बसवतोय, लोक घाबरतील की हसतील? पहिल्या वर्षी हसतील. आमचंही तेच झालं.

आमचं गाव सांगलीजवळ, कृष्णाकाठी. गणपतीत आम्ही मुंजाचं नाटक केलं. पांढरं धोतर, तोंडाला पावडर, वर हॅलोजनचा झोत. मुंजा पारावरून उतरला आणि पुढच्या रांगेतनं एक पोरगं ओरडलं, "आरं, ह्यो तर डेअरीवरचा पिंट्या हाय की!" पुढची दहा मिनिटं संवादच ऐकू आले नाहीत. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'पासून आमच्याकडं लोक नाटक बघतायत. रंगवलेल्या तोंडाला ते काय भिणार?

दुसऱ्या वर्षी आम्ही भूत दाखवलंच नाही. गोष्ट चकव्याची घेतली. पटांगणामागं उसाचा फड होता. भाद्रपदात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. रात्री वाट चुकलेला एक गडी स्टेजवर हाका मारतोय आणि लांब उसात एक कंदील हलतोय, एवढंच. कंदील दोन होते. एक पोरगा खाली बसून आपला झाकायचा, त्याच क्षणी चाळीस पावलांवरचा दुसरा आपला वर करायचा. बघणाऱ्याला वाटायचं, उजेडानं उडी मारली. त्या जागी शिट्टी मारणारी पोरंसुद्धा गप्प झाली.

कंदिलात वात पेटवू नका, काचेला आतून पिवळा जिलेटिन कागद लावून बॅटरी ठेवा. मशालीवर राळ टाकून भडका उडवायची हौस असेल तर तीही उसाजवळ नको. फडात जाणाऱ्यांना गमबूट द्या, घोणशीला नाटक कळत नाही. मळ्याच्या मालकाला आधी विचारा. धुराच्या मशीनवर पैसे घालवू नका, उघड्यावर वारा सगळा धूर बायकांच्या बाजूला नेतो. जनरेटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा, नाहीतर सगळ्या शांततेत त्याचीच घरघर. स्टेजवर समोरून उजेड मारला की सगळं सपाट दिसतं, एकाच बाजूनं आणि खालून मारा.

आवाजाचं मात्र नीट ऐका. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद असा नियम आहे. सणाच्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट मिळते, पण वर्षाला १५ दिवसांच्या वर नाही. तुमचा दिवस त्यात बसतो का, ते पोलीस ठाण्यात आधीच विचारून परवानगी लेखी घ्या. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवायची असते, तेही वेळेत करा. आम्हाला सूट नव्हती. म्हणून नऊला सुरुवात केली आणि १० वाजता, ऐन चकव्याच्या प्रवेशाला, माइक बंद. तासभर कर्णा ऐकून सरावलेल्या कानाला नुसती माणसाची हाक आणि उसाची सळसळ ऐकू आली की काटा येतो. खरं सांगायचं तर नियमानंच आमचं नाटक वाचवलं.

तुमचं नवरात्र आहे म्हणून एक वेगळं सांगतो. भुताच्या प्रवेशाला संबळ किंवा हलगी वाजवू नका. त्या दिवसांत कुणाच्या तरी अंगात येतं, मग नाटक तिथंच राहतं. गावात खरंच कुणी जीव दिलेली विहीर, कुणाचं नाव असलेलं झाड गोष्टीत आणू नका, त्या घरची माणसं समोर बसलेली असतात. आणि शेवटी मांत्रिक येऊन भूत उतरवतो, असं तर अजिबात नको. नरेंद्र दाभोलकरांचा सातारा शेजारी असताना ते शोभत नाही.

पडदा पडला की लगेच सगळे दिवे लावा आणि दोन्ही कंदीलवाल्यांना स्टेजवर आणून लोकांना दाखवा. आम्ही ते विसरलो. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, आणि त्या फडाला पाणी पाजायला एक गडी तयार होईना. मालक सकाळी दारात येऊन उभा राहिला. मग चार रात्री दारं मोडायला, म्हणजे उसात सरीसरीनं पाणी वळवायला, मी आणि आमचा दिग्दर्शकच गेलो.