स्कॅनवरून हाडाची ताकद जोखताना

नाशिकला सेंटरवर रुजू झालास ना, मग एक सवय आत्ताच लाव: डेक्साचा (क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीचा) आकडा म्हणजेच हाडाची ताकद असं धरून चालू नकोस. टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या सरासरीपासून घनता किती दूर, तो आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ची व्याख्या. पण डेक्सा हाडाची सपाट सावली मोजतं. दिंडोरीच्या द्राक्षबागेत जन्म घालवलेल्या आजींच्या मणक्यांना झिजेमुळे कडेने हाड वाढलेलं असतं. तेही मोजलं जातं आणि आकडा उगाच चांगला येतो. अशा वेळी खुब्याचा आकडा बघ. आणि आधी कधी हाड मोडलंय का, हे आजींना विचारच.

सीटीवर एल-१ म्हणजे कमरेच्या पहिल्या मणक्यात मोजणीसाठी गोल काढताना फक्त आतला जाळीदार भाग घे. कडेचं टणक कवच नको, मागची शीर शिरते ती जागाही नको. एचयूच्या (सीटीवरच्या उजळपणाच्या आकड्याच्या) शेजारी केव्हीपी (क्ष-किरण नळीचा व्होल्टेज) आणि कॉन्ट्रास्ट (स्कॅनवर उजळ दिसणारं औषध) दिलं होतं का, हे लिही. दोन्हींनी आकडा हलतो. एचयू म्हणजे घनता नव्हे, त्यासाठी कॅलिब्रेशन लागतं. फायनाइट एलिमेंटच्या (हाडाचे बारीक तुकडे पाडून संगणकावर ताकद काढणाऱ्या) मॉडेलची घाई नको. घनता चुकली तर रंगीत चित्र कितीही देखणं येवो, ताकदीचा अंदाज चुकलेलाच असेल.