रिकव्हरीत नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांसाठी

हर्नियासारख्या शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी घरी जाणारे मूल भुलीतून उठताना पाहून पहिल्यांदा घाबरायला होते. सेव्होफ्लुरेन या श्वासातून द्यायच्या भुलीच्या औषधानंतर विशेषतः २ ते ५ वर्षांची मुले कधी कधी आईलाही न ओळखता हातपाय झाडतात, सलाइनची सुई उपसू पाहतात. हे बहुधा अर्ध्या तासाच्या आत शमते, तोवर कठडे वर ठेवावेत, सुई सांभाळावी आणि आईला याची कल्पना शस्त्रक्रियेआधीच द्यावी. मात्र प्रत्येक रडणे भुलीच्या खाती टाकू नका. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर शांत होणे यांना प्रत्येकी ० ते २ गुण देणारी ‘फ्लॅक’ ही वेदनेची मोजणी दर वेळी लिहा.

पाणी पाजण्याचा आग्रह नको. त्याने उलट्याच वाढतात.

खरी चूक घरी सोडताना होते. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरला १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळते, त्यामुळे १२ किलोच्या मुलाचा १८० मिलिग्रॅमचा डोस एकात ७.५, तर दुसऱ्यात जेमतेम ३.६ मिलिलिटर भरतो. म्हणून नुसते ‘दुखले तर चमचाभर द्या’ म्हणू नका. बाटली पाहून डोस आणि वेळा लिहून द्या आणि आईकडून एकदा सिरिंजने मापून घ्या.