एचओ स्केलच्या लेआउटचे (छोट्या मॉडेल रेल्वेच्या देखाव्याचे) फोटो खेळण्यातल्या गाडीसारखे का येतात? साध्या डिजिटल कॅमेऱ्याने ते खऱ्या रेल्वेसारखे काढता येतील का?

येतील, आणि त्यासाठी नवीन कॅमेरा घ्यायची गरज नाही. फोटो खेळण्यासारखा वाटण्याची मुख्य कारणं दोन: कॅमेरा फार उंचावरून बघतो, आणि इंजिनाच्या आजूबाजूची थोडीशीच पट्टी फोकसमध्ये असते. खऱ्या गावाच्या फोटोत वरचा-खालचा भाग धूसर केला की तेही बाहुल्यांचं गाव दिसतं, ते याचमुळे.

आधी उंची. एचओ म्हणजे १:८७, प्रत्येक वस्तू खऱ्याच्या ८७ पट लहान. फलाटावर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.६५ मीटरवर असतात, म्हणजे लेआउटवर जेमतेम १९ मिमी. ७० मिमी व्यासाची लेन्स बेसबोर्डवर (लेआउट ज्या फळीवर उभा असतो तिच्यावर) टेकवली तरी तिचा मध्य ३५ मिमीवर राहतो, म्हणजे खऱ्या मापात ३ मीटर. म्हणून कॅमेरा बोर्डाच्या कडेबाहेर ट्रायपॉडवर थोडा खाली घ्या. फोन असेल तर उलटा धरा. लेन्स वरच्या कडेजवळ असते, ती थेट रुळांलगत येते. फोनचा सेन्सर लहान असल्यामुळे खोलवरचं बरंच स्पष्ट येतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पोर्ट्रेट मोड मात्र बंद ठेवा, तो मागचा भाग मुद्दाम धूसर करतो.

डीएसएलआर किंवा मिररलेस असेल तर मॅन्युअल मोड, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/११ ते एफ/१६ (लेन्सचं छिद्र: आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि खोलवरचं जास्त स्पष्ट). एफ/२२ला जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) अख्खा फोटो मऊ पडतो. शटर एक ते चार सेकंदांपर्यंत जाईल, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा आणि पंखा बंद करा. नाहीतर झाडांची पानं हलून पुसट येतात. लाकडी जमीन असेल तर शटर उघडं असताना चालूही नका.

तरीही पुढचा खांब आणि मागचं स्टेशन एकदम स्पष्ट येत नसेल तर फोकस स्टॅकिंग करा, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो जोडून एक पूर्ण स्पष्ट फोटो बनवा. एफ/८ ठेवा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसारचं सेटिंग) लॉक करा, सगळ्यात जवळच्या वस्तूपासून सुरुवात करून फोकस रिंग हलकेच सरकवत ८ ते १२ फोटो घ्या आणि हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये जोडा. मधला एखादा टप्पा सुटला तर खडी आणि स्लीपरांवर आडवा धूसर पट्टा उमटतो. तो नंतर काही केल्या जात नाही, त्यामुळे चार फोटो जास्त झाले तरी चालतील. जवळच्या खांबाभोवती फिकट वलय येतं, कारण धूसर खांब मागच्या चित्रावर पसरलेला असतो. ते हाताने पुसावं लागतं.

सूर्य एकच असतो, तेव्हा मुख्य दिवाही एकच हवा. दोन दिवे लावले की प्रत्येक डब्याला दोन सावल्या पडतात आणि सगळा भास तिथेच मोडतो. दिवा शक्य तितका लांब ठेवा, सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश नकोच. खोलीतली ट्यूब आणि पिवळा बल्ब एकत्र चालू ठेवू नका, दोन्हींचा रंग एकाच व्हाइट बॅलन्समध्ये जुळत नाही.

शटर दाबण्याआधी मऊ ब्रशने रूळ आणि छपरं झाडून घ्या: १ मिमीचा धुळीचा तंतू या स्केलमध्ये जवळजवळ ९ सेंमीचा होतो. प्रत्येक चाक रुळावर नीट बसलंय ना, हे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झूम करून बघा. उतरलेलं चाक नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही, फोटोत लगेच दिसतं.