माहिती कोणी दिली?

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

पूर्वजांची गावं पाहायची, जुनी दफ्तरं चाळायची आणि येताना कादंबरीचा विषय घेऊन यायचा, हा तुझा बेत मला आवडला. सोबत जोडलेली यादी मात्र फारशी आवडली नाही. तिच्यातली बहुतेक कामं वंशावळ पूर्ण करण्याची आहेत. तुला रहस्यकथा लिहायची आहे, आणि तिला अर्धवट वंशावळ चालते. नोंदी जिथे एकमेकींशी जुळेनाशा होतात तिथे वंशावळवाला वैतागतो. तू तिथेच मुक्काम वाढव.

कुठलीही नोंद हाती आली की आधी विचार, हे कारकुनाला सांगितलं कोणी? इंग्लंड-वेल्समध्ये १८३७ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद होते. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव, वय, धंदा, मरणाचं कारण एवढं उतरवून लोक पुढे जातात. त्याच ओळीत माहिती देणाऱ्याची सही आणि पत्ता असतो, आणि मृत्यूच्या वेळी ती व्यक्ती हजर होती का, हेही बरेचदा लिहिलेलं असतं. आता बायको घरात असताना सही भाडेकरूची असेल तर? किंवा लिहिता न येणाऱ्या बाईची नुसती फुली असेल, आणि तिने काय सांगितलं नि कारकुनाने काय लिहिलं हे तपासायला दुसरं कोणीच नसेल तर? मृताचं वय, धंदा, सगळं त्या एका तोंडून आलेलं असतं आणि ज्याच्याबद्दल ते आहे तो दुरुस्ती सांगायला उरलेला नसतो. संशयितांची यादी करायची झाली तर मी या रकान्यापासून सुरुवात करीन.

खोटं नसताना खोटी वाटणारी नोंद तर आपल्या धंद्याला सोन्यासारखी. समजा, इंग्लंडमधल्या एका चर्चच्या नोंदवहीत एप्रिल १७२० मध्ये लग्न आहे आणि त्याच जोडप्याच्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० मध्ये. वाचणारा भुवया उंचावतो. पण त्या काळी तिथे कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे तो फेब्रुवारी त्या एप्रिलनंतरच आला. मूल लग्नानंतर दहा महिन्यांनी झालं, सगळं रीतसर. १ जानेवारीपासून वर्ष धरायला इंग्लंडने १७५२ मध्ये सुरुवात केली. स्कॉटलंडने मात्र ते १६०० मध्येच केलं होतं. म्हणजे दीडशे वर्षं असं होतं की एडिंबरातल्या आणि लंडनमधल्या कागदावर फेब्रुवारीतली अगदी एकच तारीख असली, तरी दोन्हींत एका वर्षाचं अंतर असू शकायचं. मृत्युपत्र एका बाजूचं आणि साक्षीदार दुसऱ्या बाजूचा घे, कथानक आपोआप हलायला लागेल. (काही काटेकोर कारकून १७२०/२१ असं दुहेरी साल घालत. तुझ्या कथेतला कारकून तसा नसावा, एवढं बघ.)

वयाचंही तसंच. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. ३९ वर्षांची बाई तिथे ३५ ची दिसते आणि पुढच्या जनगणनेत ४९ ची. दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारी झालेली! नियम माहीत नसलेला तुझा गुप्तहेर तिला तोतया ठरवील. त्याला खुशाल ठरवू दे, पण वाचकाला नियम आधी कुठेतरी कळलेला असला पाहिजे, नाहीतर ती फसवणूक होईल.

कागद मुळात मिळालाच नाही, तर त्या न मिळण्याचाही इतिहास शोध. आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या जनगणना ‘डब्लिनच्या आगीत गेल्या’ असं सरसकट सांगतात. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतला सरकारी दफ्तरखाना उडाला आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद जळाले, हे खरं. पण १८६१ आणि १८७१ चे सरकारनेच आधी नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाचा लगदा करण्यासाठी गेले. तेव्हा ‘आगीत गेलं’ म्हणणाऱ्या पात्राला साल विचारणारं दुसरं पात्र तुझ्याकडे हवं.

घरातल्या दंतकथाही अशाच पारखून घे. अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच कुटुंबांत सांगतात की एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावरच्या, साहेबाने आमचं आडनाव बदललं. तिथे १८९२ ते १९५४ या काळात सुमारे सव्वा कोटी माणसं उतरली, पण तिथले अधिकारी जहाजाच्या यादीशी नाव ताडून बघत, आणि ती यादी निघालेल्या बंदरावरच तयार झालेली असे. नाव बदललं असेल तर बहुधा माणसाने स्वतःच, आधी किंवा नंतर. साहेबावर ढकलायची गरज घराला का वाटली, हा खरा प्रश्न. १९०७ पासून त्या याद्यांत मागे राहिलेल्या जवळच्या नातलगाचं नाव-पत्ताही विचारत. तिथे बायकोऐवजी कोणाचं नाव आहे, ते बघ.

आता म्हणशील, यातलं बरंचसं घरबसल्या दिसतं, मग जायचं कशाला? खरंच, आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या जनगणना तर इंटरनेटवर फुकट आहेत. जायचं ते चालायला. घरापासून दफनभूमीपर्यंत किती वेळ लागतो, खिडकीतून विहीर दिसते का, संध्याकाळी रस्त्यावर चेहरा ओळखू येईल इतका उजेड असतो का, हे कागद सांगत नाही आणि खुनाच्या कथेला याशिवाय चालत नाही. एकदा सामान घेऊन चाल, एकदा रिकाम्या हाताने. थडग्यावरची पुसट अक्षरं वाचायला त्यावर खडू किंवा पीठ चोळू नकोस, दगड खराब होतो. बॅटरी अगदी कडेने, तिरपी धर. शेजारच्या थडग्यांचेही फोटो घे.

डीएनए चाचणीची घाई नको. सख्ख्या चुलतभावंडांत साधारण साडेबारा टक्के डीएनए सारखा असतो. तो तिथे सापडलाच नाही, तर धक्का तुला नाही, घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला बसतो, आणि त्यांनी कादंबरीसाठी होकार दिलेला नसतो. जिवंत माणसांना आधी विचार, आणि लिहिताना नावं, गाव, नाती इतकी बदल की त्यांना स्वतःलाच शंका यावी.

परत आलीस की वंशावळ पाठवू नकोस. न जुळलेल्या दोन नोंदी पाठव, आणि त्यांच्यामध्ये काय घडलं असेल याची तू रचलेली दोन पानं.

तुझी,
मावशी